मैनेचा कान

घोडी बाळीवेशीत भर रस्त्यात थांबली. वर नवरदेव, मुहूर्त पंचवीस मिनिटांवर, आणि मैना पाय उचलेना. गूळ दाखवून झाला, ढकलून झालं. नवरदेवाच्या दाजींनी तिला हिंदीतून विनंती केली.

"अकरा वर्सांत असं कदी केलं न्हाय हिनं," घोडीवाला बसू म्हणाला.

बँडमालक प्रभुलिंगला चिडण्याऐवजी कुतूहल वाटलं. तो डिप्लोमावाला होता. घोडी तीच, गाणं तेच, वाजवणारे तिप्पण्णामामाही तेच. बदलली होती फक्त क्लॅरोनेट.

जुनी शंभर वर्षांची, कुठल्याशा गोऱ्या पलटणीच्या बँडातली. त्या काळी पलटणींचा सूर चढा असायचा. तिचा सा कीबोर्डच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत पडे. नवी गेल्या महिन्यातली. आवाज प्लास्टिकच्या बादलीचा, पण मोबाइलवरचं सूर मोजायचं ॲप तिच्यापुढं हिरवंगार होई. म्हणून प्रभुलिंगनं हुकूम काढला होता, "मामा, आजपासनं नवी. जुनी शोकेसमधी."

"मग मलाबी तितंच ठिव," मामा म्हणाले होते. चाळीस वर्षांनी, आजचा परण्या, म्हणजे नवरदेवाची ही मिरवणूक, संपला की ते बँड सोडणार होते. जुनी मात्र पिशवीतून बरोबर आणली होती.

"मामा, जुनी काढा बरं."

मामांनी ती ओठाला लावली. पहिल्याच ओळीला मैना चालू लागली.

"आता नवी."

मैना थांबली.

प्रयोग तीनदा झाला. नवरदेव तीनदा निघाला आणि तीनदा राहिला. शेवटी त्यानं हात जोडले.

प्रभुलिंग गंभीर झाला. ॲप नुसतं मोजतं, हिला कळतंय. त्यानं ॲप तिथंच डिलीट केलं. "उद्यापासनं कीबोर्ड, ट्रंपेट, समदं जुनीच्या सुरात चढवा. आन् मामा, तुमी कुटं जायचं न्हाय. घोडीचा कान लई तयार हाय."

लग्न वेळेवर लागलं. मांडवामागं बसू मैनेला पाणी पाजत होता. मामा तिच्या पाया पडायचेच बाकी होते.

"काय कान हाय रं हिचा! माझी भाकरी वाचवली."

बसूनं आजूबाजूला पाहिलं.

"कान कुटला, मामा? दोन वर्सं झाली, ठार बहिरी हाय. तुमची मान बगून चालती ती. जुनी चढी वाजती, म्हणून तुमी दर सुराला मान खाली घालून तिचा सूर उतरवाय बगता. नवी आपसूकच सुरात. तुमी आपलं खांबावानी ताठ. हिला वाटलं, बँड थांबला."

मामांनी हातातली जुनी हळूच पिशवीत सरकवली.

"प्रभुलिंगला सांगू नगा," बसू म्हणाला. "हिचीबी भाकरी हाय की."

तिप्पण्णामामांनी मान डोलावली. मैनेनं बादलीतून तोंड काढलं आणि दोन पावलं पुढं टाकली.