टेकडीवरचा सिनेटर

गाडी लावून झाली तरी अंतराने सीटबेल्ट सोडला नव्हता.

"उतरतेस ना?" पद्मिनीने विचारलं.

"तू जा, आई. मी इथेच बसते. बाबा बसायचे तशी."

गुडघ्यावर हात दाबत पद्मिनी खाली उतरली, वळसा घालून अंतराच्या बाजूला आली आणि तिने काचेवर टकटक केली. "या वर्षी तू वर यायचंस. त्यासाठीच तुला घेऊन आलेय."

क्युपर्टिनोहून इथवर दोघी जेमतेम बोलल्या होत्या. सोलबाके हे डोंगरउतारावरचं गाव डॅनिश लोकांनी वसवलेलं. उभ्या छपरांची घरं, एक शोभेची पवनचक्की, बेकऱ्यांतून येणारा लोण्याचा वास. अंतराचा जन्म इथलाच. ती रांगत होती तेव्हाच बाबांनी नोकरी बदलली आणि बिऱ्हाड हलवलं. गावाच्या डोक्यावर एक लहानशी बाग होती आणि बागेत सिनेटर फ्रेडरिक लुंड यांचा ब्राँझचा पुतळा.

पुतळा उभा राहिल्यापासून पद्मिनी दर सप्टेंबरात, अंतराच्या वाढदिवसाच्या आठवड्यात, इथे येत असे. "परक्या देशात पहिली नोकरी त्यांच्या ऑफिसात मिळाली मला," एवढंच ती सांगायची. शशिकांत, म्हणजे अंतराचे बाबा, गाडी चालवत आणायचे. कॉलेजात असताना एकदा अंतराही आली होती. आई एकटीच टेकडी चढून गेली आणि बाबा स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "तुम्ही नाही जात?" असं तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "माझं काय काम तिथे?"

तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता तेच वाक्य तिची झोप उडवत होतं.

बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. त्यानंतर तिच्या नवऱ्याने, अनिशने, गंमत म्हणून दोघांसाठी डीएनए टेस्टची किट्स मागवली. त्याचा रिझल्ट अपेक्षेप्रमाणे आला. अंतराचा आला अर्धा भारतीय, अर्धा डॅनिश. ती जनावरांची डॉक्टर. जनुकांचं गणित तिला कुणी शिकवायला नको होतं. तरी तिने दुसरीकडून टेस्ट करून घेतली. तिथेही तेच.

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. तिचे घारे डोळे. "आपण कोकणस्थ, आपल्यात असायचेच," असं आजी पुण्याहून फोनवर सांगायची. आईच्या डोहाळजेवणाचा घरात एकही फोटो नव्हता. विचारलं की आई म्हणायची, "इथे कोण होतं करायला?" कुठल्या तोंडाने करून घेतलं असतं, असं आता अंतराच्या मनात आलं आणि असा विचार आल्याची तिला लाजही वाटली.

चढण फार नव्हती, पण पद्मिनी दोनदा थांबली. दुसऱ्यांदा अंतराने हात पुढे केला.

ब्राँझचा सिनेटर एक हात खिशात घालून गावाकडे पाहत होता. खालच्या पाटीवर 'शब्दाला जागलेला माणूस' अशा अर्थाची ओळ डॅनिश आणि इंग्रजीत कोरली होती. अंतराने त्याच्या चेहऱ्यात आपलं नाक शोधलं, हनुवटी शोधली. शोधलं तसं सापडल्यासारखंही वाटलं.

पद्मिनी पुतळ्याकडे पाठ करून बाकावर बसली होती.

"फुलं नाही आणलीस?"

"कुणाला?"

अंतराचा तोल सुटला. "आई, पुरे आता. टेस्ट केलीय मी. हाफ डॅनिश आहे मी. कळतंय ना, काय म्हणतेय?"

पद्मिनीने डोळे मिटले. "मीच सांगणार होते. आज."

"म्हणजे खरं आहे."

"खरं आहे."

"बाबांना माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि तरी तू त्यांनाच ड्राइव्ह करायला लावायचीस? ते बिचारे खाली गाडीत बसणार आणि तू वर येऊन... हाउ कुड यू, आई? एवढा देवमाणूस!"

पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत पद्मिनी म्हणाली, "तुझ्यावर फार जीव होता त्यांचा."

"तेच तर! सगळं गिळून त्यांनी मला वाढवलं. तू त्यांना काय दिलंस?"

पद्मिनी खालच्या वाटेकडे पाहत होती. अंतराने वळून पाहिलं. काठी टेकत एक म्हातारी बाई चढण चढत होती. पांढरे केस, निळा कोट. बाकापाशी दोघी आहेत हे दिसताच ती वाटेतच थबकली.

"कोण आहे?"

"मिसेस लुंड. सिनेटरांची बायको."

अंतराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "तिला माहितीये?"

"सगळं."

"आणि तू मला तिच्यासमोर उभी करणार? तिच्या नवऱ्याची... नो. मी जाते. शरम कशी वाटत नाही गं तुला?"

ती निघाली. पद्मिनीने तिचं मनगट धरलं. पकड सुटली नाही. वाटेवरच्या बाईने काठी दुसऱ्या हातात घेतली होती आणि मोकळा हात तोंडावर दाबून धरला होता.

"दर वर्षी ती इथे तुझी खुशाली विचारायला येते," पद्मिनी म्हणाली. "तुझे बाबा तुझे बाबाच आहेत, अंतरा. ती तुझी आई आहे."