कार्डाची मागची बाजू

उज्वलाने तिसऱ्या बाटलीचं झाकण उघडलं. खिडकीखाली तिची आई गीताबाई जाड कागद कापून कार्डं दुमडत होती. उज्वला शाया पारखत होती. रेघ ओढायची, वाळू द्यायची, मग वरून जलरंगाचा ओला कुंचला फिरवायचा. पेनातली निळी शाई रंग लागताच पसरली. महाडहून आणलेल्या काळ्या शाईने सगळं आभाळ करडं केलं. ही तिसरी मात्र हलली नाही. तिने रेखाटलेला रायगडाचा कडा जसाच्या तसा राहिला.

“सापडली, आई!”

त्या शाईची दोन-चार कार्डं वाळली, तेवढ्यात सेजल आली. महाडच्या कॉलेजात दोघी तीन वर्षं एका बाकावर बसलेल्या. आता सेजलच्या सासरी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला, पर्यटकांसाठी खोल्या होत्या. पाहुण्यांना भेट द्यायला तिला शंभर कार्डं हवी होती.

“कसलं भारी झालंय!” म्हणत तिने वाळलेलं एक कार्ड उचललं आणि उलटं केलं. मागे लिहिलं होतं : उज्वला कासारे, बौद्धवाडी, बिरवाडी.

सेजल जरा घुटमळली. “नाव राहू दे. वाडी तेवढी काढ ना. नुसतं ‘रायगड’ लिही.”

“का?”

“मला काय नाय गो. पाहुण्यांचं बघावं लागतं.”

“कुठल्या पाहुण्याने विचारलं? एकाचं नाव सांग.”

सेजलने हातातलं कार्ड पुन्हा सुलटं केलं. मग हळूच म्हणाली, “सासरे म्हणाले.”

“याच घरात माझ्या आईच्या हातची भाकरी मागून खायचीस तू. तेव्हा ही वाडी नव्हती?”

“लगेच चिडतेस. एक शब्द तर आहे.”

“मग तुझ्या सासऱ्यांना तो एवढा का टोचतो?”

गीताबाईने कात्री खाली ठेवली. “काढ गो पोरी. काम मिळतंय, त्ये महत्त्वाचं हाय.”

सेजलचं बोलणं लागलं नव्हतं एवढं हे लागलं. उज्वलाने सेजलच्या हातातून कार्ड ओढून घेतलं.

“नाय काढायची.”

सेजल चहा न घेताच गेली. रात्री गीताबाई एक कार्ड उलटं धरून मागची अक्षरं बघत बसली होती.

रविवारी सकाळी उज्वला कार्डं विकायला खोकं घेऊन पाचाडला निघाली, तर गीताबाई नवं लुगडं नेसून दारात उभी. “मी बी येते,” ती म्हणाली. सेजलच्या घरासमोरच्या रस्त्याकडेला दोघींनी चादर अंथरली. उज्वलाने एकेक कार्ड मांडलं. सगळी पालथी, नाव आणि वाडी वर.

वर गॅलरीत सेजलचे सासरे येऊन उभे राहिले.

गाडीतून उतरलेल्या एक बाई वाकून बघू लागल्या. “मावशी, चित्रं कुठायत?”

उज्वला तोंड उघडणार, त्याआधीच गीताबाईने कार्ड त्यांच्या हातात दिलं, तसंच, पालथं.

“हायत पलीकडं. आदी ह्ये वाचा,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाचा.”