पुण्यवान घराणं

"घरात कोणाला हृदयाचा आजार?" सर्वेक्षणाला आलेल्या आशाताईंनी विचारलं.

"आमच्यात तसलं काही नाही," कुंदा म्हणाली. "पुण्यवान घराणं आहे. सासरे पूजा करता करता गेले, थोरले दीर जेवता जेवता. मधले तर झोपेतच. एकानंही कुणाकडून सेवा करून घेतली नाही."

आतापर्यंत गल्लीतल्या अकरा घरांनी 'नाही'च सांगितलं होतं. या वेळी आशाताईंनी फॉर्मवर 'नाही'पुढे खूण केली नाही.

"जाताना वयं काय होती त्यांची?"

"सासरे बावन्नचे. थोरले सत्तेचाळीसचे. मधले..." कुंदा बोटांवर मोजता मोजता थांबली. "चव्वेचाळीस."

ओसरीवर तिचा नवरा नुसत्या बनियनवर दाढी करत बसला होता. गेल्याच महिन्यात त्याला त्रेचाळीस पूर्ण झाली होती.

कुंदानं खुंटीवरचा शर्ट काढून त्याच्यापुढे धरला.

"अहो, राहू द्या ती दाढी," ती म्हणाली. "आधी ताईंबरोबर दवाखान्यात चला."