केयूरची जागा

लखन फक्कीने आखलेल्या गोलात जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. समोरच्या गोलात कोणी नव्हतं.

"केयूर," तो म्हणाला.

"केयूर इंदापूरला आहे, लखनदादा," वैदेहीने पुन्हा सांगितलं.

बारामतीतल्या त्या कॉलेजच्या मैदानावर दर रविवारी सकाळी बौद्धिक अपंगत्व असलेली मोठी माणसं व्यायामाला यायची. सगळा कारभार विद्यार्थ्यांचा, वैदेही त्यांची प्रमुख. प्रत्येकाला एक ठरलेला जोडीदार, आणि जोडीदार नसेल तर मैदानात उतरायचं नाही, हा नियम वैदेहीनेच केलेला. या महिन्यात इंदापुरातही वर्ग सुरू झाला. नवख्या माणसांना लवकर आपलंसं करील म्हणून तिने लखनच्या जोडीदाराला, केयूरला, तिकडे धाडलं. लखनला दुसरं कोणीतरी चालेल, असं ती धरून चालली होती. पण केयूर गेल्यावर पहिल्याच रविवारी सिद्धूने टाकलेला चेंडू लखनने अंगावर आदळू दिला आणि तो खाली बसला. मागच्या रविवारी तर तो आलाच नाही.

घरचं माणूस दिसलं की ही मंडळी खेळ सोडून त्याच्याकडे जातात. म्हणून आईवडिलांनी कुंपणाबाहेर, मैदानाकडे पाठ करून बसायचं. आज लखनचे वडील, कुंडलिक, कुंपणाची तार धरून आत तोंड करून उभे होते.

"ताई, मी टाकू का चेंडू?"

"काका, तुम्ही आत आलात की तो घरी चला म्हणेल."

"व्हय, म्हणंल." त्यांनी तार सोडली नाही. "पर आज खेळला न्हाय, तर त्याला पुन्हा घराभायेर काढायचं माझ्यात बळ न्हाय. लोणी भापकरला एस्टीत चढवायला आज निम्मी आळी लागली. तुमच्या आधी नुसता खाटंवर बसून हुता. तितंच जेवायचा, तितंच झोपायचा. परत तेच व्हणार."

"पाठ करा, कुंडलिकतात्या," कुंपणाबाहेर पाठ करून बसलेली फुलाबाई म्हणाली. "न्हायतर ताई अंगठं धरायला लावतील."

कुंडलिक वळून बसले.

वैदेहीचा डावा हात मोनाच्या मुठीत होता. मोना फुलाबाईची मुलगी. हात सुटला की ती थेट रस्त्याकडे पळायची. वैदेहीने मैदानावर नजर फिरवली. सिद्धूचे, वृषालीचे, सगळ्याच विद्यार्थ्यांचे हात कोणाच्या ना कोणाच्या हातात होते. मोकळ्या हाताने तिने केयूरला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन लखनसमोर धरला.

"लखनदादा, कसा आहेस?" केयूर हसला. तेवढ्यात तिकडे बाजूने एक चेंडू आला. केयूरने तो झेलला आणि परत टाकला. "शाब्बास, भीमादादा."

बोलायला उघडलेलं लखनचं तोंड मिटलं. तो गोल सोडून जवळ आला. वाकून त्याने फोनच्या मागे पाहिलं. तिथे वैदेहीची बोटं होती. तो परत आपल्या गोलात गेला, पायाशी पडलेला चेंडू उचलला आणि केयूरने शिकवला होता तसा, खालून, हळू टाकला.

चेंडू फोनवर लागला. फोन गवतात पडला. लखनने हात पुढे केले आणि वाट पाहू लागला.

"दादा, दिसत नाहीस," गवतातून केयूरचा आवाज आला.

वैदेहीने मोनाला ओढतच चेंडू गाठला. केयूरच्या गोलात उभं राहून एका हाताने तो लखनकडे टाकला. चेंडू त्याच्या छातीवर आदळून खाली पडला. लखनने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो फोनकडे बघत होता.

"ताई," कुंडलिकांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, "चेंडूचा आवाज आला. खेळतोय का?"

लखनचे हात अजून तसेच पुढे होते.

"खेळतोय, काका."

"मंग पुढच्या रविवारीबी आणतो," कुंडलिक म्हणाले, आणि पाय पसरून त्यांनी पाठ कुंपणाला टेकवली.