आतली खोली

डॉक्टर दीपंकरला दुसऱ्या दिवशी बेळगावात आमदारांच्या समितीपुढं बोलायचं होतं. हॉटेलांतल्या सिगारेट ओढायच्या वेगळ्या खोल्याही कायद्यानं बंद कराव्यात, अशी त्याची मागणी होती. निपाणीच्या घरी संध्याकाळी त्यानं ते भाषण आईला, तानीबाईला, वाचून दाखवलं.

"दुसऱ्यानं सोडलेला धूर तान्ह्या बाळाला सगळ्यात घातक. चांगलं धडधाकट बाळसुद्धा कधी कधी झोपेतच जातं."

शेंगा फोडणारे तानीबाईचे हात थांबले.

"झोपेतच?"

"व्हय आई. ताप न्हाय, रडणं न्हाय. कुणाला कळत बी न्हाय."

शेंगा बाजूला सारून ती बोलू लागली. आपल्या आधी एक बहीण होऊन गेली, हे दीपंकरला आज पहिल्यांदाच कळत होतं. तेव्हा तानीबाई स्टँडजवळच्या एका हॉटेलात भाकऱ्या थापायची. तीन महिन्यांच्या पोरीची झोळी तिथंच आतल्या खोलीत बांधलेली असायची. थंडीमुळं ट्रकवाले दार लावून त्याच खोलीत विड्या ओढत बसायचे. एका दुपारी ती पोरीला पाजायला उठवू लागली, तर पोर गार पडली होती.

दीपंकरनं हातातले कागद खाली ठेवले. तानीबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली,

 

"तुझी आज्जी म्हणली, तुझंच दूध बाधलं पोरीला. म्हणून तुला मी एक दिवस बी अंगावर पाजलं न्हाय रं."