ब्रश कुठे बुडतो

“‘निरक्षर चितारी’ असंच जाईल. फायनल!” डॉ. प्रसन्नने पाटीच्या मजकुराचा कागद आपटला.

“हे तुझं मत झालं, पुरावा नाही,” डॉ. सुनेत्रा फणकारली. “काठावरची ती चिन्हं शब्द आहेत. शेवटी चिताऱ्याचं नाव आहे.”

“मग दाखव ना वाचून! दहा वर्षं हेच रडगाणं. अगं, नक्षी आहे ती. कुणाचं तरी बघून गिरवलेली.”

दोघांच्या मधे, काचपेटीत, बाराशे वर्षांपूर्वीचं माया लोकांचं मातीचं भांडं. मागे शिडीवर आत्माराम, भिंतीवर प्रदर्शनाचा अरबी मजकूर रंगवत होता. अरबी लिहिता-वाचता येणाराच पेंटर हवा, ही आखातातल्या उम्म अल कुवैनच्या या दालनाच्या मालकाची अट. सुनेत्राने त्याच्यासाठी शब्द टाकला होता. तीस वर्षं अरबी पाट्या रंगवणाऱ्याला कोण विचारणार, वाचता येतं का म्हणून?

आता तो ‘निरक्षर’ शब्दही त्यालाच रंगवायचा होता. त्याचं डोकं फिरलं. तो खाली उतरला.

“साहेब, गिरवणाऱ्याचा हात असा नसतो.”

“काका, तुम्ही तुमचं काम करा. यल्ला, चला.”

“कामाचंच सांगतोय. रंग संपला की ब्रश बुडवावा लागतो. फिकी रेघ थांबते, गडद सुरू होते, तो जोड. वाचणारा आधी चिन्ह पुरं करतो, मग बुडवतो. गिरवणाऱ्याला ते कुठे संपतं हेच ठाऊक नसतं. तो मधेच बुडवतो. बघा की भांड्यावर. एक जोड चिन्हाच्या मधे दाखवा. हा वाचणारा माणूस होता.”

सुनेत्राचे डोळे चमकले. प्रसन्न हसला.

“आणि हे कुठल्या युनिव्हर्सिटीत शिकलात?”

आत्माराम गप्प बसला असता तर काम टिकलं असतं. त्याने आपल्याच ओल्या भिंतीकडे बोट केलं.

“तिथे. माझे सगळे जोड अक्षराच्या पोटात आहेत. मला अरबीचा अलिफ वाचता येत नाही, साहेब. तीस वर्षं गिरवतोय.”



“काका! तुमची गॅरंटी मी घेतली होती,” सुनेत्रा म्हणाली.

प्रसन्नने खिशातून भिंग काढलं. सुनेत्राने मोबाइलचा टॉर्च लावला. दहा वर्षांत पहिल्यांदाच दोघं खांद्याला खांदा लावून वाकले आणि भिंतीवरचं एकेक अक्षर तपासू लागले.

भांड्याकडे त्यांची पाठ होती.