डागातलं पाणी

मृदुला केळुसकरांनी आलेख तिसऱ्यांदा तपासला. महाकाय ग्रहाच्या हवेतून गाळून आलेल्या ताऱ्याच्या प्रकाशात बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच पाण्याची खूण शोधली होती, पेढे वाटले होते. पण आता आलेख सांगत होता, ती वाफ ग्रहाची नव्हतीच. ताऱ्यावरच्या, वाफ टिकेल इतक्या थंड डागांमधली होती. आणि त्या ग्रहाच्या ढगांतून पाणी भरून घ्यायच्या भरवशावर यान केव्हाच निघालं होतं. त्यात त्यांची लेक शर्वरी होती.

"यान आता मागे वळू शकत नाही. कळवून काय साधणार?" संचालक म्हणाले. "लेकीच्या वाढदिवसाचा निरोप तेवढा हसून द्या, मॅडम."

मृदुलाबाई कॅमेऱ्यासमोर बसल्या. त्यांनी शुभेच्छा दिल्या, हसल्याही. मग कुठलीही आई सांगते तशा सुरात म्हणाल्या, "आणि शरू, पाणी जपून वापर गं."